पंधरा ते आठ

प्राध्यापकाच्या पेशात पन्नाशी उलटली की माणसाला दोन व्याधी जडतात. एक चष्म्याची आणि दुसरी अध्यक्षपदाची. पहिलीवर निदान उपाय तरी आहे. दुसरी जडली आहे हे मुळी रोग्याला ठाऊकच नसते. कोणी निमंत्रण घेऊन आले म्हणजे 'अहो, वेळ कुठे आहे?' असे तोंडाने म्हणावयाचे, आणि त्याच वेळी मनात मात्र कोणता कोट घालावा याचा विचार सुरू झालेला असतो! मी या रोगाचा जुना रोगी आहे. त्यामुळे गेल्या डिसेंबरात एका प्राथमिक शाळेच्या बाई माझ्या घरी आल्या, तेव्हा मी वेळ नसल्याचे सांगितले आणि पाचच मिनिटांत होकारही देऊन टाकला.

बावीस डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ सालापासून तो आपल्या देशात राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. बाईंची शाळा कोल्हापुरातल्या एका पेठेत, जुन्या वाड्यात भरते. मुलांनी सणवार, चित्रकला आणि सिनेमा यांच्या आधाराने काही गणिते मांडली होती. ती मी पाहावी आणि मुलांना दोन शब्द सांगावेत, एवढीच बाईंची अपेक्षा. मी तीस वर्षे कॉलेजात गणित शिकवीत आलो आहे, आणि तेही इंग्रजीतून. चौथीच्या मुलांना सांगण्याजोगे माझ्याजवळ काय आहे, असा प्रश्न खरोखर मला पडावयास हवा होता. पण तो पडला नाही.

ठरल्या दिवशी मी गेलो. पहिल्याच खोलीत भिंतीवर एक मोठा गणपती रंगविलेला होता, आणि त्याच्या पुढ्यात एकवीस मोदक. ते सात मुलांत वाटले तर प्रत्येकाला किती, असा प्रश्न खाली लिहिला होता. शेजारी सिनेमातल्या नटांची चित्रे कापून चिकटविली होती, आणि एकेकाच्या हाती एकेक गुणाकार दिला होता. मला मनातल्या मनात हसू आले. गणिताची ही वेशभूषा पाहून पुढच्या खोल्यांत काय असणार याचा अंदाज मी बांधून टाकला, आणि आगगाडीच्या खिडकीतून लहान स्टेशने पाहावीत तशा त्या खोल्या पाहिल्या. एकीत घडी घातलेले कॅलेंडर टांगलेले होते, दुसरीत कागदाच्या लांबलचक पट्ट्या होत्या, एवढेच काय ते ध्यानात राहिले.

शेवटी आम्ही चौकात आलो. तेथे जमिनीवर ठिपक्यांची एक मोठी रांगोळी मांडली होती. रेघा अजून जोडलेल्या नव्हत्या. नुसतेच ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर एकेक चिंचोका ठेवलेला. बाजूला एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उकिडवी बसली होती. मी जवळ जाताच ती उठून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "सर, हे पंधरा ते आठ. ह्याचा चौकोन होतोय."

ज्या घरांत अजून अंगणात रांगोळी पडते, तेथे 'पंधरा ते आठ' म्हणजे काय हे सांगावयास नको. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची. तिच्या वर चौदा, प्रत्येक ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. त्याच्यावर तेरा, मग बारा, असे करीत आठपर्यंत जावयाचे. खालच्या अंगालाही तसेच. सगळे मिळून सहा बाजूंची एक रेखीव आकृती तयार होते. मी त्या आकृतीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि अध्यक्षाला शोभेल अशा प्रेमळपणाने म्हणालो, "बाळ, हा षट्कोन आहे. षट्कोनाचा चौकोन कसा होईल?"

भोवतालची मुले हसली. मुलीने बाईंकडे पाहिले. बाईंनी खाली पाहिले. मग ती मुलगी पुन्हा खाली बसली आणि एकेक करून सगळे चिंचोके फ्रॉकच्या ओच्यात भरू लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. पण भाषणात मला दृष्टान्त हवा होता. मी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना सांगितले की, गणित ही तपश्चर्या आहे. कडू औषधाला साखर लावून दिली की मुलाला चटक लागते ती साखरेची, औषधाची नव्हे. मोदकांच्या जागी लाडू घाला, लाडवांच्या जागी विटा घाला, उत्तर तेच येणार. मग मोदक हवेत कशाला? आणि पुढे म्हणालो, "नुसत्या रांगोळीत रमले म्हणजे षट्कोनाचा चौकोन होईल असेही वाटू लागते!" या वाक्याला चांगला हशा पिकला. मी प्रसन्न चित्ताने नारळ आणि शाल घेऊन घरी आलो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ती रांगोळी पुन्हा दिसू लागली. खरे सांगावयाचे तर त्या मुलीची रांगोळी दिसत नव्हती; माझ्या आईची दिसत होती. दिवाळीत आमच्या अंगणात सारवण वाळले की आई पहाटे कंदील घेऊन बसे, आणि अंगणाच्या बरोबर मध्यावर पंधरा ठिपक्यांची ओळ घालून सुरुवात करी. मी एकदा तिला विचारले होते, "आई, जागा पुरेल हे तुला आधी कसं कळतं गं?" ती म्हणाली होती, "मधली ओळ नीट पडली की बाकीच्या आपोआप पडतात." आणि लगेच, नेहमीप्रमाणे, "मला मेलीला हिशेब कुठला येतोय!" वाण्याचा हिशेब वडील पाहत, दूधवाल्याचा मी पाही. आईला हिशेब येत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकी सिद्ध झालेली होती.

आईचे किती ठिपके होत असतील, असा एक उगाचच प्रश्न मनात आला आणि मी पडल्या पडल्या बेरीज केली. आठपासून चौदापर्यंत सत्त्याहत्तर. दोन्ही बाजूंचे मिळून एकशे चोपन्न. त्यात मधले पंधरा. म्हणजे १६९.

मी उठून बसलो. १६९ म्हणजे तेराचा वर्ग! तेरा ओळी, प्रत्येकीत तेरा ठिपके, एकही उरणार नाही आणि एकही कमी पडणार नाही. मुलीने मला षट्कोनाच्या बाजू मोडून चौकोन होतो असे सांगितलेच नव्हते. तिने १६९ चिंचोके उचलून चौरसात मांडून पाहिले होते, आणि ते बरोबर बसले होते. ती सिद्धान्त सांगत होती. मी तिला शब्दाचा अर्थ सांगत बसलो.

दिवा लावून मी टेबलाशी बसलो. हा योगायोग असेल, लहान रांगोळ्यांतही असे पुष्कळदा होत असेल, अशी एक आशा अजून मनात होती. 'सात ते चार' घेतली: ३७ ठिपके. सहाचा चौरस करावा तर एक उरतो. 'नऊ ते पाच' म्हणजे ६१. सातचा चौरस करून बारा उरतात. 'अकरा ते सहा' म्हणजे ९१. नऊचा चौरस होऊन दहा शिल्लक. 'तेरा ते सात' म्हणजे १२७. अकराचा चौरस होऊन सहा शिल्लक. आणि मग एकदम 'पंधरा ते आठ', शिल्लक शून्य. याहून लहान अशा एकाही रांगोळीचा चौरस होत नाही. अपवाद फक्त एकुलत्या एका ठिपक्याचा. म्हणजे त्या मुलीने मला सहज कोठेही सापडणारी गंमत दाखविली नव्हती. आधीच्या रांगोळ्यांशी झटून, प्रत्येक वेळी उरलेले चिंचोके हाती घेऊन, ती या एका रांगोळीपर्यंत येऊन पोहोचली असली पाहिजे.

याच्या पुढची रांगोळी कोणती? आता मला झोप येणे शक्य नव्हते. प्रश्नाला अक्षरांचा पोशाख चढविला तेव्हा असे दिसले की, मधल्या ओळीत जितके ठिपके असतील त्या संख्येचा वर्ग करावा, त्याची तिप्पट करावी आणि त्यात एक मिळवावा. उत्तर जर पुन्हा पूर्ण वर्ग आले, तर रांगोळीचा चौरस होतो. पंधराचा वर्ग २२५, तिप्पट ६७५, त्यात एक मिळविला की ६७६, म्हणजे सव्विसाचा वर्ग. आणि सव्विसाचे निम्मे तेरा. हे समीकरण कागदावर उतरले आणि मी त्याच्याकडे, गर्दीत अचानक समोर आलेल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसा पाहत राहिलो. कारण ते मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे.

इंग्रजी पुस्तकांत त्याला पेलचे समीकरण म्हणतात. पेल हा सतराव्या शतकातला एक इंग्रज गणिती. त्याचा या प्रश्नाशी म्हणण्याजोगा संबंध नव्हता. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाच्या हातून नावाची गफलत झाली आणि ती तशीच चिकटून राहिली. आपल्याकडे या प्रश्नाचे नाव वर्गप्रकृती. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली त्यावर विचार केला होता आणि एका उत्तरातून पुढची उत्तरे काढण्याची रीत दिली होती. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात चक्रवाल पद्धतीने तो सोडवून दाखविला. त्यात त्यांनी घेतलेले एकसष्टाचे उदाहरण इतके अवघड आहे की, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ साली युरोपातल्या पंडितांना आव्हान म्हणून तेच घातले. आणि ते आपल्याकडे पाचशे वर्षांपूर्वीच सुटलेले होते. ब्रह्मगुप्ताच्या रीतीने मी पंधराच्या पुढचे उत्तर काढले. ते आले २०९. म्हणजे चौरस होणारी पुढची रांगोळी '२०९ ते १०५' ही. तिचे ठिपके ३२,७६१ आणि चौरसाची बाजू १८१. एवढी रांगोळी घालावयास नव्या राजवाड्याचे पटांगण लागेल.

हे सगळे मी वर्गात शिकविले होते. रीत शिकविली, सिद्धता शिकविली, परीक्षेत त्यावर प्रश्नही घातले. पण ज्या अंगणात मी लहानाचा मोठा झालो, तेथे दर दिवाळीला हेच समीकरण पांढऱ्या भुकटीने मांडलेले असे, हे मला कधी दिसले नाही. माझ्या आईला वर्गप्रकृती येत होती असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. ठिपके मोजून पाहावेत असे तिला कधी वाटले नसेल. पण 'हिशेब येत नाही' म्हणत दर दिवाळीला १६९ ठिपके बिनचूक मांडणाऱ्या त्या बाईला, 'हे सगळे मिळून किती होतात गं?' एवढे तरी मी विचारावयास हवे होते. आता विचारावयाचे कोणाला? आणि ज्या मुलीने तो प्रश्न स्वतःच विचारला, तिचे चिंचोके मी ओच्यात परत भरावयास लावले.

सकाळी मी कपाटातून 'लीलावती' काढली. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० सालचा. माझ्या भाषणातल्या कसोटीवर त्याला घासून पाहावे असे मनात आले. त्यात भुंग्यांचे थवे आहेत, हंस आहेत, पाण्यात कलणारे कमळ आहे. नऊ हात उंच खांबावर बसलेला मोर आहे. खांबाच्या मुळाशी असलेल्या बिळाकडे सत्तावीस हातांवरून येणाऱ्या सापावर तो झेप घेतो, आणि दोघांनी सारखेच अंतर तोडल्यावर बिळापासून बारा हातांवर त्याला गाठतो. अर्जुनाचे बाणही आहेत. निम्म्यांनी त्याने कर्णाचे बाण तोडले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपटीने घोडे अडविले, सहा शल्यावर सोडले, तिनांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य छेदले, एकाने मस्तक उडविले. तर बाण एकंदर किती? उत्तर शंभर. आता या अर्जुनाच्या जागी गवंडी घाला आणि बाणांच्या जागी विटा घाला, उत्तर शंभरच येणार! मग भास्कराचार्यांनीही औषधाला साखरच लावली म्हणावयाची काय? त्या काळच्या मुलांना भारतातली कर्ण-अर्जुनाची लढाई ठाऊक होती, जशी आजच्या मुलांना सिनेमातली मारामारी ठाऊक असते. आचार्यांना ती वापरताना संकोच वाटला नाही. मला मात्र भिंतीवरच्या नटांचे हसू आले होते.

आणखी एका माणसाची या वेळी आठवण झाली. देवळालीच्या शाळेतले मास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ या संख्येवर येऊन थांबता. हा शोध कापरेकरांचा. पण विद्यापीठांतल्या कित्येक पंडितांना तो पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगभर त्यांचे नाव झाले. मी वर्गात त्यांचा उल्लेख करी तो नेहमी अर्धवट हसून. तेच हसू मी त्या दिवशी चौकात हसलो होतो.

दोन दिवसांनी मी पुन्हा त्या शाळेत गेलो. या वेळी निमंत्रणावाचून आणि कोटावाचून. बाई दचकल्याच. मी म्हटले, "बाई, परवा मी चूक बोललो. मुलांपुढे बोललो, तेव्हा मुलांपुढेच ते दुरुस्त करावयास आलो आहे. पण आधी परवाच्या खोल्या मला पुन्हा दाखवा."

टांगलेले कॅलेंडर आता मी नीट पाहिले. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापूरकरांना नवा नाही. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून येऊन देवीच्या चरणांपासून वर वर चढतात. ढगांनी किंवा वाटेतल्या अडथळ्यांनी घात केला नाही तर ते मुखापर्यंत पोहोचतात. हे होते नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. दोनदाच का, आणि याच तारखांना का, असे बाईंनी मुलांना विचारले होते. मुलांनी महिन्यांची पाने एकाखाली एक चिकटवून दिवसांची लांब पट्टी केली आणि १० नोव्हेंबरावर १ फेब्रुवारी येईल अशी तिची घडी घातली. घडी पडली ती २१ आणि २२ डिसेंबर यांच्या बरोबर मध्ये. सूर्य दक्षिणेला जावयाचा थांबतो आणि माघारी वळतो, तो दिवस! जाताना ज्या जागी तो मावळला, येताना त्याच जागी मावळतो; म्हणून देवीला त्याची भेट वर्षातून दोनदा. आणि ही घडी पाहावयास मला बोलावले होते बावीस डिसेंबरला, नेमके त्या घडीवर. हे मी घड्याळाकडे पाहत ओलांडून गेलो होतो.

कागदाच्या पट्ट्या सिनेमाच्या होत्या. याच शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनविला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. येथेच १९२९ साली प्रभात कंपनी निघाली, आणि येथेच तिचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ साली तयार झाला. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चित्रे, म्हणजे सोळा. बोलपट आला आणि सेकंदाला चोवीस चित्रे ठरली. तेव्हा तासाभराच्या बोलपटात चित्रे किती? मुलांनी गुणाकार करून ८६,४०० लिहिले होते. त्याखाली कोणा मुलाने पेन्सिलीने लिहिले होते, 'एका दिवसात सेकंद पण इतकेच!' बाईंनी तो कागद फाडला नव्हता, की 'हा योगायोग' असे लिहून प्रश्न मिटविला नव्हता. त्यांनी खाली फक्त 'का बरे?' एवढे लिहिले होते. आणि त्याखाली निराळ्या अक्षरात उत्तर होते: 'दोन्हीकडे चोवीस आहेत आणि दोनदा साठ आहेत.'

मी बाईंना म्हटले, "हे मला समजले. यातून सूर्य काढून टाकला किंवा सिनेमा काढून टाकला तर प्रश्नच उरत नाही. पण ते मोदक मला अजूनही पटत नाहीत."

बाई हसल्या. "सर, मोदकांच्या गणितात काही नाही हे मलाही कळतं. पण परवाची ती मुलगी वर्षभर गणिताच्या तासाला तोंड उघडत नव्हती. पाटीवर आकडा दिसला की रडायची. तिने पहिलं गणित केलं ते मोदकांचं. तोरण म्हणजे काही घराचा वासा नव्हे, सर. पण तोरण पाहून माणूस आत तरी येतो. आत आल्यावर घर दाखवायचं काम आमचं."

यावर मला उत्तर सुचले नाही. याच कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय काढले आणि मुलांच्या अनुभवातून शिकविण्याचा ध्यास जन्मभर धरला. ना. सी. फडक्यांची ही कन्या २०२० साली गेली. त्यांची पुस्तके माझ्या घरात आहेत. मी ती आदराने घेतली आणि 'हे लहान मुलांपुरते' म्हणून आदराने वरच्या फळीवर ठेवून दिली. शहरात एक गोष्ट पस्तीस-चाळीस वर्षे चाललेली असावी, आणि आपण शिक्षक असूनही त्या बाजूला फिरकू नये, याला काय म्हणावे?

मग वर्ग भरला. मी मुलांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "परवा या मुलीने मला सांगितले की पंधरा ते आठचा चौकोन होतो. मी म्हणालो की होत नाही. तिचे बरोबर होते आणि माझे चुकले होते." वर्गात अगदी शांतता पसरली. पाहुण्यांचे चुकते, ही बातमी मुलांना बहुधा नवी होती. मी त्या मुलीला विचारले, "तू तर मांडून पाहिलं होतंस. मग मला तसं सांगितलं का नाहीस?"

ती खाली पाहत म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात. मग मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं असंल."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. डोळ्यांसमोर मांडलेला पुरावा तिने माझ्या एका शब्दावरून खोटा मानला होता. माझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी आपापले चिंचोके असेच निमूटपणे ओच्यात भरले असतील, कोण जाणे! त्यांनी मला तसे कधी सांगितले नाही, आणि मीही त्यांना विचारले नाही.

"पुन्हा मांडतेस का?" मी म्हणालो.

तिने पिशवी आणली. चौकात ठिपक्यांवर चिंचोके ठेवले, आणि मग एकेक उचलून शेजारी चौरस मांडावयास सुरुवात केली. मुले भोवती कोंडाळे करून मोठ्याने मोजू लागली. मीही खाली बसलो आणि मोजू लागलो. पहिली ओळ तेराची, दुसरी तेराची, तिसरी तेराची. बाराव्या ओळीपर्यंत सगळे सुरळीत झाले. तेराव्या ओळीत बारा चिंचोके बसले आणि शेवटची जागा रिकामी राहिली. पिशवी उलटी केली. आत काही नव्हते.

मुले माझ्याकडे पाहू लागली. मी त्या मुलीकडे पाहिले. क्षणभर वाटले, आता ही पुन्हा सगळे ओच्यात भरणार. पण तिने एकदा रिकाम्या ठिपक्यांकडे पाहिले, एकदा चौरसाकडे पाहिले, आणि ती म्हणाली, "एक कुठंतरी पडलाय."

"कशावरून?" मी विचारले. "चौकोन होत नसेल कदाचित."

"होतोय की!" ती जरा रागानेच म्हणाली. "एकशे एकोणसत्तरच लागतात. सर, जरा उठा बघू."

मी उठलो. चिंचोका माझ्याच पायाखाली होता.